दगडसर

महाराष्ट्रात दर तालुक्याला एक आमदार, एक तहसीलदार आणि एक दगडसर असतात. आमदार पाच वर्षांनी बदलतो, तहसीलदार त्याच्याही आधी बदलून जातो. दगडसर कुठं जात नाहीत. ते निवृत्त भूगोल शिक्षक असतात, एखाद्या तालुक्यात एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, क्वचित पोस्टमास्तर. भूशास्त्राची पदवी असलेला माणूस सहसा दगडसर होत नाही. पदवीवाल्यांना तेल कंपन्या आणि खाणी उचलून नेतात, आणि मागं उरलेला दगड या मंडळींच्या पदरात पडतो. लोणारच्या काठावर उन्हाची टोपी घालून ‘खाली उतरताना प्लास्टिक नेऊ नका’ म्हणणारे ते हेच. अंधेरीला गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी रिक्षावाल्याला थांबवून ‘या टेकडीकडे एकदा तरी मान वर करून बघ’ म्हणणारेही हेच. पाचगणीच्या टेबललँडवर घोडागाडीत बसायला साफ नकार देऊन भर दुपारी पायी चालणारे, आणि वर बरोबरच्यांनाही चालवणारे, तेही हेच. मी सांगतोय ते आमच्या गावचे. त्यांनी मला आठवीला भूगोल शिकवला, म्हणजे पुस्तकातला सोडून बाकीचा सगळा.

ओळखायला सोपे. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, खांद्यावर शबनम, शबनममध्ये हातोडी. ही हातोडी त्यांनी आजवर एकाही दगडावर मारलेली नाही. दुसऱ्यांनी मारू नये म्हणून ती दाखवायला असते. आणि शर्टाच्या खिशात लिंबू. चुनखडीवर आम्ल पडलं की बुडबुडे येतात. या परीक्षेसाठी प्रयोगशाळेतलं आम्ल मिळेना, तेव्हा सरांनी काकूंच्या फ्रिजमधून लिंबू उचललं. पण खिशात लिंबू घालून तिन्हीसांजेला ओढ्याकाठी एकटाच फिरणारा आणि दगडापुढं वाकून पुटपुटणारा माणूस गावानं काय समजावं? अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देणाऱ्या सरांबद्दल निम्म्या गावाची समजूत आहे की सर ‘बघतात’. एक-दोघांनी नोकरीचं कधी जमेल म्हणून विचारलंही आहे.

सरांचा आणि आपला काळ वेगळा चालतो. दख्खनचा लाव्हा वाहिला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि सर अजून तिथून पुरते परतलेले नाहीत. लग्नाचा मुहूर्त बाराचा असला तर सर दीडला पोहोचतात आणि ‘फार उशीर नाही ना झाला?’ हे खरोखर मनापासून विचारतात. एकदा पारावर चहा पिताना ते सहज म्हणाले, ‘‘परवा बोरीला राख पडली ना, तिचा थर बघून आलो.’’ ज्यांची लेक बोरीला दिली आहे ते गृहस्थ चहा टाकून फोन लावायला धावले. लेक सुखरूप होती. राख पडली होती खरी, पण इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची म्हणतात ती. टोबाचा शेवटचा मोठा उद्रेक सुमारे 74,000 वर्षांपूर्वीचा. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी, बोरीच्या मातीत तिचा पांढुरका थर आहे. ती त्याच उद्रेकाची की त्याच्याही आधीच्या, यावर संशोधक अजून भांडतायत. सरांच्या हिशोबात दोन्ही ‘परवा’च.

त्यांच्याबरोबर घाटातून प्रवास करू नये. ज्या वळणावर बाकीच्या प्रवाशांना ओकारी येते, तिथं सरांना भरून येतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, काळ्या कातळाचे थर उघडे पडलेले असतात आणि दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाची एक हातभर पट्टी दिसते. सर खिडकीवर थापा मारतात. ‘‘बघा, बघा! खालचा लाव्हा आला, थंड झाला. मग कितीतरी वर्षं काही नाही. त्याची माती झाली. मग वरचा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. ही तांबडी पट्टी म्हणजे ज्वालामुखीनं घेतलेली सुट्टी आहे हो!’’ कंडक्टर त्यांना ओळखतो. पूर्वी तो गाडी थांबवायचा नाही. एकदा सरांनी गाडीभर लोकांना असं काही भारून टाकलं की उलटीसाठी गाडी थांबवा म्हणणाऱ्या बाईसुद्धा खाली उतरून पट्टीपुढं उभ्या राहिल्या. आता तो त्या वळणावर आपणहून वेग कमी करायला लावतो आणि ‘सुट्टी आली’ असं ओरडतो.

मधे त्याच कापावर दरडी कोसळू नयेत म्हणून जाळी ठोकून वरून सिमेंट फवारायचं निघालं. सर संबंधित कार्यालयात गेले. दरड कोसळून माणसं मरू नयेत हे त्यांना पूर्ण मान्य होतं, पण पट्टीचा दोन मीटर तुकडा उघडा ठेवा, एवढीच त्यांची विनंती होती. साहेबांनी विचारलं, ‘‘उघडा ठेवून काय करू?’’ सर म्हणाले, ‘‘बघा.’’ साहेबांनी हा शेरा ‘नजरेखालून घाला’ या अर्थानं घेतला आणि अर्ज ठेवून घेतला. पुढं निधी दुसरीकडं वळला आणि पट्टी वाचली. आपल्याकडं भूवारसा वाचण्याची ही एक मान्यताप्राप्त पद्धत आहे.

घर म्हणजे काकूंच्या शब्दांत ‘आमचं गोदाम’. पलंगाखाली, कपाटावर, देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला दगड. सगळेच काळे नाहीत. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत पुढं पाणी झिरपून झिओलाइटचे स्फटिक वाढतात: पांढरे, गुलाबी, हिरवे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांच्या घरी पोहोचला आहे. वाघोलीच्या शाळेत किती पोहोचला असेल, असं सर खडूस आवाजात विचारतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी असे स्फटिक विकायला बसलेले लोक दिसले की सरांची पंचाईत होते. विकू नये हे तत्त्व. जगात जिथं जिथं भूवारसा जपणारे जिओपार्क आहेत तिथं खडक-जीवाश्म विकण्याला त्यांचं व्यवस्थापन हात लावत नाही. पण न विकता तो स्फटिक खडी क्रशरला गेला असता, हेही खरं. मग सर काहीच विकत न घेता त्या विक्रेत्याला तासभर त्याच्याच मालाची माहिती देतात. विक्रेते त्यांना बघून टोपली झाकतात, असं ऐकून आहे.

स्वतःच्या घरातल्या दगडांबद्दल त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. डोंगरातून एक खडा उचललेला नाही. सगळे विहिरीच्या खोदकामातले आणि क्रशरच्या ढिगातले. ‘‘ही चोरी नाही, सुटका आहे.’’ काकू म्हणतात, ‘‘सुटलेले सगळे माझ्याच घरात का?’’ या घरात ओट्यावर ग्रॅनाइट बसवायचं निघालं तेव्हा सर चार दिवस जेवले नाहीत. बेसाल्टच्या गावात परप्रांतातला ग्रॅनाइट! शेवटी काकूंनी स्टीलचा ओटा केला आणि प्रश्न निकालात काढला.

सगळ्या दगडसरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. सकाळी सकाळी तिथं गुलाबाच्या फुलांऐवजी खडकांचे फोटो येतात. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा लोणारच्या सरांना जे फोन आले ते मोजून दाखवणं त्यांनी गटावर अजून सुरूच ठेवलं आहे. खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, म्हणून लोणारचे सर आता ‘आंतरराष्ट्रीय’ झाले आहेत. पाचगणीचे त्याच वाटेवर आहेत. 2025 च्या सप्टेंबरात पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनी लाव्हाथर जागतिक वारशाच्या भारताच्या तात्पुरत्या यादीत लागले, तेव्हापासून ते ‘तात्पुरते आंतरराष्ट्रीय’. गटात भांडण एकाच मुद्द्यावर होतं, आमचा दगड किती जुना. बेंगळुरूला स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. कुणी काहीही टाकलं की ते लालबागेतल्या खडकाचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘300 कोटी’. सहा कोटीवाल्या सगळ्या महाराष्ट्राचा दिवस तिथंच खराब होतो.

सर हाडाचे शिक्षक असल्यामुळं त्यांना नुसतं प्रेम करून भागत नाही, मूल्यमापन लागतं. 1991 साली फ्रान्समधल्या दीन्य गावी जमलेल्या लोकांनी पृथ्वीच्या स्मृतीलाही हक्क असतात, असा जाहीरनामा काढला. त्याची झेरॉक्स सरांकडं लॅमिनेट करून ठेवलेली आहे. पुढं युरोपात जिओपार्क निघाले, 2015 पासून युनेस्कोनं तो आपला अधिकृत कार्यक्रम केला. 2025 च्या एप्रिलपर्यंत 50 देशांत 229 झाले. चीनमध्ये चाळिसाच्या वर. मलेशियाच्या लंकावी बेटाला 2007 सालीच मान मिळाला. भारताचा त्या यादीत एकही नाही. हे शेवटचं वाक्य सर फार हळू आवाजात सांगतात आणि पाणी पितात.

या जिओपार्कांतली सरांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कार्डं. दर चार वर्षांनी तपासणी होते. सगळं ठीक असेल तर हिरवं कार्ड, आणखी चार वर्षं. कमी पडलात तर पिवळं, सुधारायला दोन वर्षं. तरी नाही सुधारलात तर लाल, नाव कट. सरांनी घोटीव कागदाची तिन्ही कार्डं करून घेतली आणि वरच्या खिशात, लिंबाशेजारी ठेवली. चहाच्या टपरीनं प्लास्टिकचे कप ठेवले, पिवळं. कातळावर ऑइलपेंटनं एका जोडप्याची नावं लिहिलेली सापडली, लाल. पण द्यायचं कुणाला कळेना, म्हणून ते जोडप्यातल्या मुलाच्या वडिलांना दिलं. वडिलांना हे प्रकरण माहीतच नव्हतं. ते लग्न पुढं लागलं, सरांना मानाचा टॉवेल-टोपी मिळाली, आणि सर दीड तास उशिरा पोहोचले.

कायद्याबद्दल विचारू नये, पण तुम्ही विचारणारच. प्राचीन मंदिराला कायदा आहे, वाघाला आहे. भूवारशासाठी केंद्रानं 2022 च्या डिसेंबरात एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढं ठेवला, सूचना मागवल्या. सरांनी बारा पानी सूचना पाठवल्या. मसुदा अजून मसुदाच आहे. 1851 पासून देशाचे खडक तपासणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं काही स्थळांना राष्ट्रीय भूवारसा म्हणून मान दिलाय, लोणार त्यातलंच. पण फलक लावणं वेगळं आणि जेसीबी अडवणं वेगळं. महसुलाच्या कागदात सरांचा कातळ म्हणजे गौण खनिज. ब्रासवर मोजायचा, रॉयल्टी भरायची आणि फोडायचा.

मात्र माझ्या मते, आणि इथं मी सरांच्या बाजूचा आहे, खाणवाला हा दगडाचा सगळ्यात मोठा शत्रू नव्हे. तो निदान चोरून येतो. खरी भीती असते ती वाजतगाजत येणाऱ्या पर्यटन विकास निधीची. दुर्लक्ष झालं तर दगडाला काही होत नाही, त्याला सवय आहे. निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात.

आमच्या गावच्या ओढ्याला तो आला. ओढ्यात रांजणखळगे आहेत. निघोजचे तुम्ही पाहिले असतील. कुकडीचं पात्र, एका काठावर पारनेरचं निघोज, दुसऱ्यावर शिरूरचं टाकळी हाजी, म्हणजे हा खळगा अहिल्यानगरचा आणि तो पुण्याचा. काठावर मळगंगा देवी. कातळात माणूस उभा बुडेल असे गोल गुळगुळीत रांजण. आमचे त्यांच्यापुढं किरकोळ, पण घडण तीच. पुराच्या पाण्याबरोबर गोटे येतात, एखाद्या खाचेत भोवरा धरतो, आणि ताकाच्या डेऱ्यात रवी फिरावी तसा गोटा गरगर फिरत राहतो. हजारो पावसाळे फिरतो. गोटा झिजतो, कातळ झिजतो, शेवटी रांजण उरतो आणि त्याच्या तळाशी सुपारीएवढा गोटा. सर म्हणतात, ‘‘रांजण बघायला सगळे येतात. कारागीर तळाशी बसलेला आहे, त्याला लोक खिशात घालून नेतात.’’

एका उन्हाळी ग्रामसभेत सरपंचांनी आराखडा वाचला. आपल्या रांजणखळग्यांना ‘क’ वर्ग पर्यटन स्थळाचा दर्जा, त्याखाली काठापर्यंत काँक्रीट रस्ता, काठावरच वाहनतळ, हायमास्ट दिवा, सेल्फी पॉइंट, सिमेंटची दोन हरणं आणि एक बिबट्या. टाळ्या पडल्या. मलाही बिबट्या आवडला होता, खोटं का बोला. सर उठले.

‘‘वाहनतळ कुठं धरलाय?’’

‘‘काठावरच, सर. म्हाताऱ्या माणसांना चालायला नको.’’

‘‘तिथं सहा रांजण आहेत.’’

‘‘पंचवीस आहेत ना एकूण? सहा गेले तर काय मोठं?’’

‘‘तुझ्या घरात माणसं किती?’’

सरपंच सरांचा विद्यार्थी, त्यामुळं तो ‘तू’ त्याला टोचला नाही. पण घरात माणसं नऊ होती आणि हिशोब त्याला कळला. तो म्हणाला, ‘‘सर, निधी मार्चअखेर परत जातो.’’ या वाक्यापुढं महाराष्ट्रात कुणाचंच काही चालत नाही.

सरांनी पर्याय मांडला. वाहनतळ गावातच ठेवा, तिथून पायवाट. म्हणजे माणूस येताना-जाताना गावातून जाईल, चहा पिईल, दोन पैसे गावात पडतील. काठावर गाडी लावून फोटो काढून जो जातो तो फक्त बाटली टाकून जातो. संडासही गावातच, ओढ्याच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. माहिती सांगायला आपलीच पोरं, जेवणाला बचत गट. साताऱ्याकडच्या कास पठारावर लेटराइटच्या कातळावरची फुलं बघायला गावांच्या समित्याच तिकीट फाडतात, दिवसाला किती माणसं सोडायची त्याला मर्यादा घालतात. फुलांना जमतं ते दगडाला का नाही? पावसाळ्यात पाणी वाढलं की पात्रात उतरायला बंदी, आणि काठावर एक दोर कायमचा, कारण हे रांजण माणूस गिळतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. आणि सोमवारी सकाळी जेसीबी येणार, हेही ठरलं, कारण इस्टिमेट आधीच मंजूर होतं.

आता इथं सरांच्या चरित्रातली नाजूक बाब येते. सर देव मानत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना भुतं नसतात हे शिकवलं. पण दगडाच्या धंद्यात पडल्यापासून त्यांना एक गोष्ट सतावत होती. त्यांनी पाहिलेलं प्रत्येक वाचलेलं स्थळ कुठल्यातरी देवानं वाचवलं होतं. गिल्बर्ट हिल 1952 साली सरकारनं संरक्षित केली म्हणतात, पण आजूबाजूचा कातळ खणून, इमारती उठून मधला जो उभा सुळका उरला त्याच्या माथ्यावर गावदेवी बसलीय. निघोजला मळगंगा आहे. लोणारला पाण्याकाठी कमळजा आहे, आणि लवणासुराची गोष्ट तिथं उल्केचं कळण्याच्या आधीपासून सांगितली जाते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेल्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते. तपासलं तर ती डायनोसॉरची अंडी निघाली. इतकी वर्षं ती फुटली नाहीत, कारण भैरवाला कोण फोडणार? सर ही सगळी उदाहरणं सांगायचे आणि शेवटी चडफडत म्हणायचे, ‘‘म्हणजे कायद्यापेक्षा नारळ बरा!’’

सोमवारी जेसीबी आला. चालक उतरून कातळ बघायला पुढं गेला आणि परत आला तो चप्पल काढून. ज्या उंचवट्यावर पहिला घाव घालायचा होता, तिथं मुठीएवढ्या खळग्यावर ओला शेंदूर माखलेला होता, वर दोन फुलं. चालक म्हणाला, ‘‘मी न्हाई हात लावनार. माझं घरी बारकं पोर हाय.’’ ठेकेदारानं दुसरा चालक बोलावला. तोही तेच म्हणाला. दुपारपर्यंत बायका हळदी-कुंकू घेऊन आल्या. संध्याकाळी नारळ फुटला, तोही सरांच्या देखत, बरोबर कातळावर. सरांच्या तोंडून ‘हळू!’ निघालं.

कुणी केलं, हे गावानं विचारलं नाही. गावाला असले प्रश्न पडत नाहीत. मला पडला, कारण मी त्या दिवशी सरांकडं चहाला गेलो होतो आणि त्यांच्या उजव्या अनामिकेच्या नखात केशरी रेघ होती. काकू कपबशी ठेवत म्हणाल्या, ‘‘तेल लावून घासा, निघेल.’’ सरांनी हात पाठीमागं घेतला आणि मला हिमालयाची उंची अजून कशी वाढते आहे ते सांगू लागले.

वाहनतळ गावात गेला. पण देव प्रकटला म्हटल्यावर त्याची पुढची संकटं ठरलेली असतात. पंधरवड्यात देवस्थान समिती झाली, महिन्यात पावतीपुस्तकं छापली. सभामंडपाचा नकाशा निघाला: बारा खांब, आरसीसी स्लॅब, पायासाठी कातळात सहा फूट खोदाई. ज्या सहा रांजणांसाठी एवढं केलं, त्यांतल्या चौघांवर आता खांब येणार होते. समितीनं एकमतानं अध्यक्ष निवडला. सर.

त्या सभेत मी मुद्दाम गेलो होतो. सर बराच वेळ खाली बघत होते. मग एक जण म्हणाला, ‘‘सर, देवाला ऊन-पाऊस लागतोय. छप्पर नको?’’

सर उठले. आवाज आठवीच्या वर्गातला. ‘‘शिंगणापूरला गेलायस?’’

‘‘दर शनि-अमावास्येला.’’

‘‘शनीच्या डोक्यावर छप्पर आहे?’’

सभा गप्प. आमच्या भागात या प्रश्नाला उत्तर नाही. शिंगणापूरचा देव उघड्यावर उभा आहे आणि त्याला छप्पर घालायची कुणाची छाती झालेली नाही.

‘‘हाही उघड्यावरचाच आहे,’’ सर म्हणाले. ‘‘याला छप्पर चालत नाही. याच्या आजूबाजूला खोदलेलं चालत नाही. तेल चालत नाही.’’

‘‘मग काय चालतं?’’

‘‘पाणी. ओढ्याचं. पावसाळ्यात तो आपणच घेतो.’’

ग्रामसेवकांनी विचारलं, ‘‘ठरावात देवाचं नाव काय घालू?’’ सर क्षणभर अडखळले. भुतं नसतात हे शिकवणाऱ्या माणसाला एका देवाचं बारसं करायचं होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, ‘‘रांजणोबा म्हना की.’’ सूचक ती, अनुमोदक सर. मंडपाचे पैसे बचत गटाच्या शेडला गेले, आणि हरणं-बिबट्या वाहनतळाजवळ उभे राहिले. मुलांना ते फार आवडतात, रांजणांपेक्षा जास्त.

आता सुट्टीच्या दिवशी माणसं येतात. शाळेतली पोरं माहिती सांगतात. सरांनी त्यांना लाव्हा, थर, भोवरा सगळं पाठ करून घेतलंय, पण पोरं हुशार. पाहुणे बघून भीम घालतात. ‘‘भीमाला तहान लागली, त्यानं रांजण कोरले.’’ सरांनी पहिल्यांदा पिवळं कार्ड काढलं होतं. मग पाहुण्यांकडं बघितलं. भीमाची गोष्ट ऐकून ते थांबले होते, आणि थांबले म्हणून पुढं गोट्याचीही ऐकत होते. कार्ड खिशात गेलं. आता एक पोरगा भीम सांगतो, दुसरा बेसाल्ट, आणि टिप दोघांत वाटली जाते.

गोटे मात्र जातच होते. फलक लावून झाला, पोरांना उभं करून झालं. पुण्याची माणसं तळातला गुळगुळीत गोटा पर्समध्ये टाकायचीच. शेवटी पोरांनीच देवाचा पुढचा नियम काढला: रांजणोबाचा गोटा घरी नेला तर साडेसाती लागते. हे सरांनी शिकवलं की नाही, याबद्दल सर म्हणतात, ‘‘मी नाही म्हणालो नाही.’’

परिणाम असा झाला की गोटे परत येऊ लागले. कुणी स्वतः आणून टाकतं, कुणी नातेवाइकाबरोबर पाठवतं. गेल्या पावसाळ्यानंतर सरांच्या पत्त्यावर कुरिअरनं एक खोकं आलं. आत कापसात गुंडाळलेला दगड आणि चिठ्ठी: ‘देवाचा आहे, चुकून आणला गेला. तेव्हापासून गाडीचं काम निघतंय. कृपया जागेवर ठेवावा. पुन्हा असं होणार नाही.’ सरांनी तो उजेडात धरला, भिंग लावलं. गुलाबी ठिपके, काळी अभ्रकाची चमक. सर उभे राहिले.

‘‘हा आपला नाही! हा ग्रॅनाइट आहे! ही बाई हंपीला जाऊन आली असणार.’’

काकू म्हणाल्या, ‘‘मग टाका तिकडं परड्यात.’’

‘‘परड्यात? तुला कळतंय का, हा किती कोटी वर्षं तिथं होता ते?’’

सरांनी बेंगळुरूच्या गृहस्थांना फोन लावला. ते ‘300 कोटी’ म्हणण्याच्या आत सरांनी त्यांना बजावलं, की वय नको, हंपीला आपलं माणूस कोण आहे तेवढं सांगा. अजून पत्ता मिळालेला नाही. दगड खोक्यातच आहे, काकूंच्या स्टीलच्या ओट्यावर, आणि शेवटी ओट्यावर ग्रॅनाइट यावाच म्हणून काकूंनी मुद्दाम तसं ठेवलंय असं सरांचं मत आहे.